वाचक विचारतात: जुनी स्पोर्ट्स कार, तीही ऑटोमॅटिक?

गेल्या अंकात म्हटलं होतं की वापरलेल्या गाड्यांबद्दल काय विचारायचं ते पाठवा. नेहमीच्या गाड्यांचे प्रश्न आलेतच, ते पुढच्या महिन्यात घेते, पण दोन दरवाज्यांच्या, नीट सांभाळलेल्या, ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या स्पोर्ट्स कारवर इतकी पत्रं आलीत की हे अख्खं सदर त्यांनाच देतेय. नावं छापत नाहीये, फक्त गावं.

पुणे: "ताई, वय ४७, आयटीत आहे. २०१४ ची पोर्शे केमन बघून आलोय, साधी २.७ लिटरवाली, पीडीके गिअरबॉक्स, दुसऱ्या मालकाकडे आहे आणि सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. गाडी मनात भरलीये. पण मित्र म्हणतात ऑटोमॅटिकच घ्यायची तर स्पोर्ट्स कार कशाला, थांब आणि मॅन्युअल शोध. मला ती आठवड्यातून दोन-तीनदा बाणेरहून हिंजवडीला न्यायचीये, नुसती रविवारी पुसून ठेवायची नाहीये. घेऊ का थांबू?"

घ्या. तपासून घ्या, ते पुढे सांगतेच, पण ऑटोमॅटिक आहे म्हणून सोडू नका.

तुमच्या मित्रांचं म्हणणं एकेकाळी बरोबर होतं. २००८ पर्यंतच्या केमन आणि बॉक्स्टरमध्ये जी टिपट्रॉनिक यायची ती पाच गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारी, आरामाला छान पण गिअर मागितला की विचार करत बसायची आणि त्याच इंजिनाच्या मॅन्युअलपेक्षा गाडी हळू पळायची. पीडीके, म्हणजे पोर्शेची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, ही वेगळी चीज आहे. तिच्यात दोन क्लच असतात, एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा, म्हणजे तुम्ही तिसऱ्यात जोरात निघालेले असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, चाकांकडे जाणारा जोर मध्ये तुटतच नाही.

आणि हा गिअरबॉक्स जन्मला रेसट्रॅकसाठी. पोर्शेने तो ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंगच्या गाड्यांवर घडवला, १९८६ साली मोन्झाला हान्स स्टुक आणि डेरेक बेल यांनी पीडीके बसवलेली ९६२ घेऊन शर्यत मारली, पण तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक्स अपुरं होतं आणि वजनही फार, त्यामुळे रस्त्यावरच्या ९११ मध्ये यायला २००८ उजाडलं. तुमच्याच पिढीच्या केमन एसचे, म्हणजे जास्त ताकदीच्या केमनचे, कंपनीचे आकडे बघा: शून्य ते शंभर, मॅन्युअलला ५.० सेकंद, पीडीकेला ४.९, आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज असेल तर ४.७. २०१३ ला नवीन ९११ जीटी३ आली, खास ट्रॅकवाल्यांची गाडी, ती फक्त पीडीकेतच आली. फेरारीने २००९ ला ४५८ काढली तिच्यात क्लचचं पेडलच नव्हतं. मॅन्युअलचा आनंद मी नाकारत नाही हां, हाताने गिअर टाकायची मजा वेगळीच, आणि लोकांनी मागितली म्हणूनच २०१७ ला जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आली. पण ऑटोमॅटिक म्हणजे कमअस्सल, हे आता राहिलेलं नाही.

आता खरा मुद्दा, जो कोणी बोलतच नाही. तुम्ही नवी नाही, वापरलेली घेताय. वापरलेल्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये आधीच्या मालकाचा डावा पाय आणि डावा हात दोन्ही तुमच्या गळ्यात पडतात. त्याने चढावर क्लचवर गाडी धरली असेल, सिग्नलला क्लच जाळला असेल, किंवा जोशात पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात टाकली असेल, तसं झालं की चाकंच इंजिनाला त्याच्या मर्यादेच्या पलीकडे फिरवतात, आत व्हॉल्व्हला काय झालं ते बाहेरून दिसत नाही आणि बिल तुमच्या नावावर येतं. पीडीकेला तुम्ही सांगितलंत की आत्ता दुसरा दे आणि वेग त्यासाठी जास्त असेल तर ती सरळ नाही म्हणते. म्हणजे इंजिनाची एक फार मोठी धास्ती आपोआप कमी होते. तरी पोर्शेच्या इंजिन कंप्युटरमध्ये इंजिन किती वेळा कुठल्या आरपीएमच्या टप्प्यात गेलं त्याची नोंद असते, स्कॅन करताना तो रिपोर्ट मागाच, तेवढ्यात कळतं की गाडी कशी चालवली गेलीये.

दुसरं म्हणजे, तुम्ही स्वतः लिहिलंय की आठवड्यातून दोन-तीनदा हिंजवडीला न्यायचीये. हिंजवडीच्या गर्दीत संध्याकाळी साडेसहाला मॅन्युअल स्पोर्ट्स कार, तिचा जड क्लच, आणि पहिला-दुसरा-पहिला-दुसरा, चार दिवसांत तुम्ही घरातली दुसरी गाडी काढायला लागाल आणि ही पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहील. ऑटोमॅटिक असली की तुम्ही ती खरोखर वापराल. आणि जी स्पोर्ट्स कार वापरली जाते तीच धड राहते, हे मी जिथे तिथे सांगत असते, खाली ठाण्याच्या वाचकांना परत सांगितलंय.

फक्त गर्दीत चालवायची पद्धत बदला. पीडीकेत, किंवा कुठल्याही ड्युअल क्लचमध्ये, आत शेवटी क्लचच आहे. पुढची गाडी इंच इंच सरकते म्हणून तुम्ही पण ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकत राहिलात तर क्लच अर्धा धरलेला राहतो आणि तापतो. थोडी जागा पडू द्या, मग एकदम एक गाडीभर पुढे जा आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबा, ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो. चढावर थांबलात तर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. पाठीमागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

कोणी तुम्हाला पोर्शेच्या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची भीती घातली असेल तर ती गोष्ट २००८ पर्यंतच्या केमन-बॉक्स्टरची, २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तुमच्या गाडीत तपासायचं ते वेगळं आहे: पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना जे रेडिएटर असतात त्यांच्यात पाला-कचरा साचून ते सडतात, तिथे टॉर्च मारून बघा. बंपरची खालची कड घासलेली असणारच, आपल्या स्पीडब्रेकरवरून ती गाडी तिरकी घ्यावी लागते. गिअरबॉक्समध्ये दोन वेगवेगळी तेलं असतात, एक क्लच आणि हायड्रॉलिकचं, एक गिअरचं, दोन्ही कधी बदलली ते फाइलमध्ये तारखेसकट शोधा. फाइलमध्ये नुसतं "सर्व्हिस केली" असेल तर ते मला चालणार नाही, कुठलं तेल, किती लिटर, किती किलोमीटरला, असं लिहिलेलं बिल हवं.

आणि सामान कुठे ठेवायचं विचारलं नाहीत, पण घरून विचारतील. पुढे १५० लिटर, मागे २७५, दोघांचं तीन-चार दिवसांचं सामान आरामात बसतं.

कोल्हापूर: "२०११ ची ऑडी टीटी, २.० टीएफएसआय, ६६ हजार किलोमीटर. गाडी एकदम चकाचक. पण आमचा मेकॅनिक म्हणतो डीएसजी गिअरबॉक्स म्हणजे डोकेदुखी, हात लावू नको. खरं का?"

तुमच्या मेकॅनिकचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुतेक दुसऱ्या गिअरबॉक्सचा आहे. डीएसजी हे फोक्सवॅगन-ऑडीच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं नाव, त्या नावाखाली बऱ्याच वेगळ्या पेट्या आल्यात. आपल्याकडे पोलो, ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांमध्ये जी सात गिअरची आली ती डीक्यू २००, तिचे क्लच ड्राय, म्हणजे तेलात नसलेले, आणि तिच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या, म्हणजे गिअर बदलायचे हुकूम देणाऱ्या भागाच्या, तक्रारी जगभर झाल्या. तुम्ही बघताय त्या टीटीमध्ये सहा गिअरची डीक्यू २५० असते, तिचे क्लच तेलात बुडलेले, तेलामुळे गरमी निघून जाते आणि ती कितीतरी जास्त जोर सहन करते. हीच पेटी २००३ साली गोल्फ आर३२ आणि पहिल्या टीटी ३.२ मध्ये आली होती, सर्वसामान्य विक्रीच्या गाडीतला तो पहिला ड्युअल क्लच.

पण तेलात आहे म्हणजे तेल बदलावं लागतं. दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही. तुमची गाडी ६६ हजारावर आहे, म्हणजे ते काम नुकतंच झालेलं असायला हवं. विकणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा आणि त्याचा चेहरा बघा. बिल असेल तर पुढे बोला. नसेल तर तो खर्च किमतीतून कापून घ्या आणि आणल्या आणल्या पहिलं काम तेच करा. गाडी क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, असेल तर मागच्या चाकांना जोर देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं पण वेगळं तेल असतं, ते तर लोक सर्रास विसरतात आणि मग गाडी नावालाच चार चाकांवर चालते.

चालवून बघताना असं करा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर चहा प्या, थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडीत पार्कमधून रिव्हर्स टाका, मग ड्राइव्ह, दोन्हीला गाडीने साधारण सेकंदाभरात गिअर धरला पाहिजे, धाडकन झटका नको आणि नुसतं इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही असंही नको. मग सपाट जागेवर ब्रेक सोडून ती स्वतः हळू सरकते का ते बघा, थरथरत सरकत असेल तर क्लच किंवा तेल. नंतर तिला तुमच्याकडच्या गर्दीत घाला, दसरा चौक, स्टेशन रोड, जिथे पहिला-दुसरा सतत होतो, कारण हायवेवर सगळेच गिअरबॉक्स गुणी वाटतात. एखादा चढ शोधून रिव्हर्समध्ये चढवा. आणि हे सगळं अर्धा-पाऊण तास चाललं पाहिजे, काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. शेवटी स्कॅनर लावून क्लचची अ‍ॅडॅप्टेशन व्हॅल्यू, म्हणजे क्लच किती झिजलाय त्याचा अंदाज देणारा आकडा, आणि तापमानाचा इतिहास काढता येतो, ते ज्याला वाचता येतं त्याच्याकडेच न्या, दोन-चार हजार गेले तर जाऊ द्या.

मेकॅनिकला सोबत न्या बरं का, त्याला राग येऊ देऊ नका. सस्पेन्शनचे बुश, तेलगळती, ठोकलेली गाडी ओळखणं, यात त्याची नजर कुठल्याही स्कॅनरपेक्षा चांगली असेल.

ठाणे: "दोन बीएमडब्ल्यू झेड४ मिळतायत, दोन्ही २०१२ च्या, ३५आय, सात गिअरचा ड्युअल क्लच. एक फक्त ९ हजार किलोमीटर चाललीये, दुसरी ६१ हजार. पहिलीची किंमत साहजिकच बरीच जास्त. मन पहिलीकडे ओढतंय."

सगळ्यांचंच ओढतं. मी मात्र दुसरी बघायला आधी जाईन.

नऊ हजार किलोमीटर इतक्या वर्षांत म्हणजे ती गाडी जवळजवळ उभीच होती. न उपसलेल्या विहिरीसारखं होतं मग गाडीचं, वरून भरलेली दिसते पण पाणी पिण्यासारखं राहत नाही. रबर वापराने जितकं जातं त्याहून जास्त वयाने जातं: सस्पेन्शनचे बुश, इंजिनाची माउंटिंग, कूलंटचे पाइप, दरवाज्यांच्या बीडिंग. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. ठाण्याच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंज चढतो, बॅटरी मरते, आणि बॅटरी मरताना असल्या गाडीतले अर्धे कंप्युटर वेडेवाकडे एरर टाकून जातात. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ३८१२ असेल तर २०१२ चा ३८ वा आठवडा, म्हणजे टायर गाडीच्याच वयाचा. नक्षी नवीकोरी दिसली तरी असल्या टायरवर तीनशे हॉर्सपॉवरची गाडी पावसात चालवू नका, काढून टाका.

आणि नऊ हजार खरंच नऊ हजारच आहेत का हेही बघायला लागतं. सर्व्हिस सेंटरच्या जुन्या जॉबकार्डवरचे किलोमीटर, पीयूसी आणि इन्शुरन्सच्या वेळच्या नोंदी, सगळे आकडे वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलेले दिसले पाहिजेत. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत झालंय, ब्रेक पेडलचं रबर झिजलंय आणि मीटर म्हणतोय नऊ हजार, तर सरळ नमस्कार करून निघा.

६१ हजारवाली नियमित चाललेली असेल, वर्षाला चार-पाच हजार, दरवर्षी इंजिन ऑइल बदललंय, टायर एकदा बदललेत, बॅटरी एकदा-दोनदा बदललीये, तर मला ती गाडी जास्त निरोगी वाटते. त्या मॉडेलमध्ये तीन लिटरचं दोन टर्बोचं सहा सिलिंडरचं जे इंजिन आहे, ३०६ हॉर्सपॉवरचं, ते चालवायला स्वर्ग आहे, पण त्याच्या हाय प्रेशर फ्युएल पंपाचे आणि इंजेक्टरचे त्रास जगजाहीर आहेत. पंप बदललेला असल्याचं बिल सापडलं तर ते दोष म्हणून नका वाचू, एक काम आधीच झालंय असं वाचा. आणि छत, ते पत्र्याचं घडी होणारं छत आहे, हायड्रॉलिकवर चालतं, ते दोनदा पूर्ण उघडा, पूर्ण लावा, मध्ये अडखळलं तर तो खर्च छोटा नसतो. डिकीतल्या कार्पेटखाली हात घालून ओल आहे का बघा.

पहिलीच हवी असेल तर घ्या, मन मारू नका. पण टायर, सगळी तेलं, बॅटरी, पाइप हा खर्च आधीच धरा आणि जास्त किंमत द्यायची काही गरज नाही, कमी चालली म्हणून उलट कामं जास्त निघणार आहेत.

नाशिक: "मी डेंटिस्ट आहे, स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी गाडी घेतेय. एक टीटी आवडलीये पण ती पुदुच्चेरी पासिंगची आहे, कंपनीच्या नावावर. डीलर म्हणतो मॅडम, अशीच चालवा, सगळे चालवतात."

ताई, आधी मनापासून अभिनंदन. आणि अशीच चालवू नका.

दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे री-रजिस्टर करावी लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आणि इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार. महागड्या गाड्या तिकडे पास करून घेतात त्याचं कारणच हे की आपल्याकडचा टॅक्स जबर आहे, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर किंवा आयात गाडीला २० टक्के. टीटी पूर्ण तयार होऊन बाहेरूनच आली, म्हणून टॅक्स कुठल्या दराने आणि कुठल्या किमतीवर लागणार तो आकडा नाशिक आरटीओतून सौदा करायच्या आधी काढून घ्या, तो आकडा बघितल्यावर कधी कधी एमएच पासिंगची थोडी महाग गाडीच स्वस्त पडते. कंपनीची गाडी असेल तर विकायच्या अधिकाराचं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र किंवा बोर्डाचा ठराव लागतो, सही करणारा माणूस कोण ते नीट बघा.

अजून एक, आरसी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होतं, पण आयात गाडीची नूतनीकरणाची फी साध्या गाडीच्या ५ हजारांच्या तुलनेत ४० हजार आहे. गाडी १३-१४ वर्षांची असेल तर हे पैसे तुमच्याच खिशातून जाणार. सगळे पैसे एकदम देऊ नका, एनओसी हातात आल्यावर मोठा हप्ता द्या, आणि ई-चलन किती बाकी आहेत ते गाडीच्या नंबरवर स्वतः बघा, डीलरच्या मोबाइलवर नाही.

न्यू जर्सी, अमेरिका: "इथे कॉर्व्हेट खूप स्वस्त मिळतात. बायकोलाही चालवता यावी म्हणून ऑटोमॅटिकच हवी. सी६ घेऊ का सी७? मंडळातले मित्र म्हणतात सी७ च्या ऑटोमॅटिकला प्रॉब्लेम आहे."

तुमच्याकडे कॉर्व्हेटच बघायला हवी, ६.२ लिटरचा व्ही८ आणि इतकी कमी किंमत, असा योग आमच्या नशिबी नाही. शिवाय तिथे बरेच मालक वयस्कर असतात, गाडी गॅरेजमध्ये ठेवणारे, प्रत्येक ऑइल चेंजची पावती जपणारे.

सी६, सी७ म्हणजे कॉर्व्हेटची सहावी आणि सातवी पिढी. सी६ ऑटोमॅटिक घ्यायची तर २००६ पासूनची घ्या, त्या वर्षी चार गिअरची जाऊन सहा गिअरची पॅडलवाली आली, आणि जमलं तर २००८ पासूनची, तेव्हा ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३ इंजिन आलं. सी७ २०१४ ला आली तेव्हा सहाच गिअर होते, २०१५ पासून आठ गिअरची पेटी आली आणि मित्र म्हणतायत तो प्रॉब्लेम तिचाच. हळू अ‍ॅक्सिलरेटरवर, मध्यम वेगात गाडी थरथरते. कारण टॉर्क कन्व्हर्टरचा आतला लॉक-अप क्लच आणि मूळ तेल यांचं जमत नव्हतं, तेल ओलावा धरायचं. जनरल मोटर्सने नंतर वेगळं तेल दिलं, मोबिल १ चं एलव्ही एटीएफ एचपी, आणि जुनं पूर्ण फ्लश करून हे भरलं की बहुतेक गाड्या शांत होतात. म्हणून सी७ बघताना हा फ्लश झाल्याचा कागद मागा, आणि ४० ते ६० मैलांच्या वेगात अगदी हलक्या पायाने बराच वेळ चालवून बघा. थरथर नाही आणि कागद आहे, तर मी सी७ घेईन, ४५५ हॉर्सपॉवर आणि आतून कितीतरी चांगली. २०२० पासूनच्या सी८ मध्ये तर मॅन्युअल मिळतच नाही, आठ गिअरचा ड्युअल क्लच एवढाच पर्याय, म्हणजे कॉर्व्हेटवाल्यांचाही वाद मिटला.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बॉडी फायबरची असली तरी खाली ब्रेकच्या नळ्या, बोल्ट आणि सबफ्रेम धातूच्या आहेत, लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दक्षिणेतली गाडी मिळाली तर जास्त चांगलं. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, क्लीन आहे का, साल्व्हेज, म्हणजे अपघातात बाद ठरलेली, नाही ना, तेवढं तुम्ही बघालच.

सांगली: "बाबा ६४ वर्षांचे, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर त्यांना उघड्या छताची गाडी हवी होती. जुनी मर्सिडीज एसएलके मिळतेय, २०१२ ची. त्यांना झेपेल का?"

गिअरच्या बाजूने नक्की झेपेल, डाव्या पायाला काही कामच नाही. त्या एसएलकेत सात गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक असते, ड्युअल क्लचपेक्षा किंचित निवांत पण गर्दीत सगळ्यात मऊ, आणि बाबांना तेच हवंय. तिचंही तेल बदलावं लागतं, "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या आठ गिअरच्या पेटीसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं असं सांगते, गाडी कंपन्या काही म्हणोत. कुठल्याही ऑटोमॅटिकला आठ-दहा वर्षांत ताजं तेल मिळालंच पाहिजे.

अडचण दुसरीकडे आहे: बसणं आणि उठणं. गाडी खूप खाली असते, गुडघा पूर्ण वाकवून आत उतरावं लागतं. बाबांना सोबत न्या, चार-पाच वेळा बसायला-उठायला लावा, छत उघडून आणि छत लावून दोन्ही. छत उघडं असताना वरून धरून उठता येत नाही, दरवाज्याला धरून उठावं लागतं, ते त्यांना जमतंय का बघा. जमत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर वाट कसली बघताय, पावसाळा संपला की घेऊन टाका.

नागपूर: "२०१२-१३ च्या गाडीत ई२० पेट्रोल चालेल का?"

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई१० म्हणजे १० टक्के. टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर बघा, बऱ्याच जुन्या आयात गाड्यांवर ई१० पर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई२० ला धरून बनवल्यात, त्याआधीच्या बहुतेक नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना त्रास देतं, म्हणून असली गाडी घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या आणि सील एकदा तपासून घ्या, थोडाही चिकटपणा किंवा पेट्रोलचा वास आला तर बदला. भरलेली टाकी तीन-तीन महिने उभी ठेवू नका. दर आठवड्याला निदान एकदा, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, तास-अर्धा तास चालवा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, सातव्या गिअरमध्ये गाडी अगदी शांत चालते, शिर्डीला जाऊन या.